अमेरिकी कॉलेजातली सोरॉरिटी-फ्रॅटर्निटी: सही करण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी बारावीनंतर अमेरिकेत, दक्षिणेकडच्या एका मोठ्या सरकारी विद्यापीठात चार वर्षांच्या पदवीसाठी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर चालली आहे आणि तिला सोरॉरिटीत, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या सभासद-संस्थेत, जायचंय. तिकडेच जन्मलेला तिचा चुलतभाऊ पुढच्या वर्षी फ्रॅटर्निटीच्या, म्हणजे मुलांच्या तशाच संस्थेच्या, विचारात आहे. घरच्यांना तीन गोष्टींची धास्ती आहे: खर्च, रॅगिंग आणि व्हिसा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. या संस्थांची नावं ग्रीक अक्षरांची असतात. त्या अक्षरांवरून संस्था निवडू नका, चॅप्टर म्हणजे त्या विद्यापीठातली तिची शाखा निवडा. एकाच नावाच्या संस्थेचे अनेक चॅप्टर वेगवेगळ्या विद्यापीठांत असतात. एका गावात तो अभ्यासू मुलींचा शांत गट असतो, तर दोनशे मैलांवर त्याच अक्षरांखाली दर शनिवारी पोलिस येतात. राष्ट्रीय संस्थेची वेबसाइट, तिचा शंभर वर्षांचा इतिहास, तिच्यातून बाहेर पडलेले सिनेटर यांचा तुमच्या मुलीच्या पुढच्या चार वर्षांशी फारसा संबंध नाही. पैसे ठरवतो चॅप्टर, नव्यांना कसं वागवायचं ते ठरवतो चॅप्टर, आणि शिक्षा होते तीही बहुतेक वेळा चॅप्टरलाच.

आता कोण कुठे बसतं ते बघू. मोठमोठी घरं असलेल्या पारंपरिक सोरॉरिट्या राष्ट्रीय पॅनहेलेनिक कॉन्फरन्सखाली येतात. ही संघटना १९०२ ची असून तिच्यात आज २६ संस्था आहेत. मुलांच्या पारंपरिक फ्रॅटर्निट्या प्रत्येक कॅम्पसवर इंटरफ्रॅटर्निटी कौन्सिलखाली असतात. कृष्णवर्णीयांच्या नऊ ऐतिहासिक संस्थांची परिषद वेगळी आणि तिचे रिवाजही वेगळे. चौथा गट बहुसांस्कृतिक संस्थांचा. आपल्या मुलांच्या कानावर ज्या दक्षिण आशियाई संस्थांची नावं येतात त्या यातल्या: पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९९६ साली निघालेली सिग्मा बीटा रो, ऑस्टिनला १९९८ साली सुरू झालेल्या डेल्टा एप्सिलॉन साय आणि काप्पा फाय गॅमा, ह्यूस्टनची डेल्टा फाय ओमेगा. या चारही गटांत शिरायची रीत वेगवेगळी आहे. एकाचा सल्ला दुसऱ्याला लावला की घोळ होतो.

सोरॉरिटीच्या मुख्य भरतीला सगळे ‘रश’ म्हणतात. दक्षिणेत ती बहुधा ऑगस्टमध्ये, वर्ग सुरू व्हायच्या आधीच्या किंवा पहिल्या आठवड्यात उरकते. काही ठिकाणी जानेवारीत असते, आणि डार्टमथसारख्या कॉलेजात पहिल्या वर्षाला प्रवेशच नाही. त्यामुळे तारीख विद्यापीठाच्या ‘फ्रॅटर्निटी अँड सोरॉरिटी लाइफ’ कार्यालयाकडून घ्या, इन्स्टाग्रामवरून नको. नोंदणी उन्हाळ्यात बंद होते, तिची फी भरावी लागते आणि ती सहसा परत मिळत नाही. एफ-१ वाल्यांची पहिली अडचण इथेच येते. विद्यापीठाकडून मिळणाऱ्या आय-२० या प्रवेशाच्या कागदावर कोर्स सुरू व्हायची जी तारीख असेल, तिच्या फार तर ३० दिवस आधी देशात शिरता येतं. रशसाठी हॉस्टेलवर लवकर राहायला जायचं तर बहुतेक ठिकाणी वेगळा अर्ज आणि रोजचं वेगळं भाडं असतं. तिकीट काढण्याआधी या दोन तारखा जुळवून घ्या.

दुसरी अडचण गुणांची. फॉर्मवर शाळेचा जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, चारपैकी मागतात. बारावीची टक्केवारी मनानेच २५ ने भागून टाकू नका. ९२ टक्क्यांचे असे ३.६८ होतात, पण विद्यापीठाचा रूपांतराचा तक्ता वेगळा असू शकतो, आणि नंतर मार्कशीट तपासली की आकडा जुळत नाही. कार्यालयाला ईमेल करून रीत विचारा आणि ते उत्तर जपून ठेवा. बऱ्याच चॅप्टरांची किमान अट २.५ ते ३.० च्या दरम्यान असते. शिफारसपत्रांची जाचक अट अलीकडे अनेक संस्थांनी सोडून दिली आहे. आई किंवा बहीण त्याच संस्थेत असली की मिळणारं झुकतं मापही बऱ्याच जणींनी काढून टाकलं. पहिल्या पिढीच्या घरांसाठी हे दोन्ही बदल फायद्याचेच.

रशच्या फेऱ्या साधारण चार. पहिलीत सगळी घरं (चॅप्टरला तिकडे ‘घर’ही म्हणतात) बघायची, वीस-तीस मिनिटं प्रत्येकी. दुसरीत घरं कमी होतात आणि गप्पा लांबतात. तिसरीत घर आतून दाखवतात. शेवटच्या प्रेफरन्स फेरीत सहसा दोनच घरं उरतात. दर फेरीनंतर मुलगी आपला पसंतीक्रम भरते, घरं त्यांची यादी भरतात आणि रात्रीतून संगणक दोन्हींचा मेळ घालतो. सकाळी हातात वेळापत्रक येतं. त्यात काल आवडलेलं घर नसतं, आणि मुली कोसळतात.

हे का होतं ते नीट समजून घ्या, कारण यामागे बहुतेक वेळा कुणाचा राग नसतो, हिशेब असतो. प्रत्येक फेरीनंतर कोणत्या घराने किती मुलींना निरोप द्यायचा हे त्या घराच्या मागच्या काही वर्षांच्या आकड्यांवरून काढून दिलं जातं. समजा नऊशे मुली आहेत आणि दहा घरं. एका घराचं आमंत्रण मिळालेल्या जवळजवळ सगळ्या मुली दर वर्षी परत येतात. त्या घराने ढिलाई केली तर शेवटी जागा ऐंशी आणि पहिली पसंती देणाऱ्या दोनशे, असं होईल. म्हणून त्याला पहिल्या फेरीनंतरच चार-पाचशे नावं कापावी लागतात. कमी मागणीच्या घराला मात्र शंभरही कापावी लागत नाहीत, कारण बोलावलेल्यांतल्या निम्म्या तशाही येत नाहीत. वीस मिनिटांच्या ओळखीवर साडेचारशे नावं खोडायची म्हटल्यावर ज्यांना तिथलं कुणीच ओळखत नाही ती नावं आधी जातात. मुंबई-पुण्याहून नुकतीच उतरलेली मुलगी नेमकी त्यात असते. चेहरा, रंग, उच्चार यांचा काही ठिकाणी परिणाम होतच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. अलाबामा विद्यापीठात २०१३ साली गोऱ्या मुलींच्या सोरॉरिट्यांनी कृष्णवर्णीय मुलींना वगळल्याचं विद्यार्थी वर्तमानपत्राने उघड केलं, तेव्हा कुठे विद्यापीठाला हालचाल करावी लागली. पण पहिल्या सकाळच्या प्रत्येक नकाराला तेच कारण लावलं, तर उरलेली चांगली घरंही हातची जातात.

गप्पांबद्दल एकच सांगतो. आपली मुलं तोंडी परीक्षा दिल्यासारखी बोलतात: विचारलं तेवढं उत्तर, मग गप्प. समोरची मुलगी दिवसभरात पन्नास जणींशी बोललेली असते आणि तुम्ही दाराबाहेर पडताच तिला तुमच्याबद्दल नोंद करायची असते. तिला लिहायला काहीतरी द्या. भरतनाट्यम, ढोल-ताशा पथक, शाळेच्या टीममधली गोलकीपरगिरी, जे खरं असेल ते, तपशिलासह. आणि उलटं विचारा: इथं न राहणाऱ्या मुली आठवड्यात किती वेळा येतात? परीक्षेच्या आठवड्यात सक्तीचे कार्यक्रम असतात का? मुलं, दारू, धर्म, पैसा आणि राजकारण हे पाच विषय रशमध्ये वर्ज्य मानले जातात. पैशाचं बोलणं त्या हॉलमध्ये काढू नये, पण इतरत्र काढायलाच हवं.

शेवटच्या फेरीनंतर जो फॉर्म समोर येतो तो सगळ्यात महत्त्वाचा, आणि मुली तो सगळ्यात घाईत भरतात. हा बंधनकारक करार आहे. तुम्ही ज्या घरांची नावं लिहाल त्यांपैकी एकाची बिड, म्हणजे सभासद होण्याचं आमंत्रण, आली आणि तुम्ही ती नाकारली, तर पुढच्या मुख्य भरतीपर्यंत त्या कॅम्पसवरच्या या २६ पैकी कुठल्याही संस्थेत जाता येत नाही. म्हणून जे घर मिळालं तर रडू येईल, ते लिहू नका. उलट बाजूही आहे: दोन घरं असताना एकच लिहिलं आणि तिथे जागा भरली, तर हाती काहीच येत नाही. शेवटपर्यंत मिळालेली सगळी आमंत्रणं घेतलेल्या आणि सगळी घरं क्रमाने लिहिलेल्या मुलीला जागा मिळण्याची शक्यता खूपच जास्त, कारण तिच्यासाठी घराच्या ठरलेल्या जागांबाहेर जागा वाढवता येते. एकच लिहिणारीला ही सोय नाही. हे सगळं समजूनही एकच लिहायचं असेल तर खुशाल लिहा, पण हट्टापायी नको. काहीच मिळालं नाही तरी दार बंद होत नाही. ज्या घरांची संख्या पूर्ण झालेली नसते ती वर्षभर अनौपचारिकपणे मुली घेत असतात, आणि तिथे गर्दी-गोंधळ नसल्याने ओळख खरी होते.

मुलांचं सगळं सैल. फ्रॅटर्निटीची रश म्हणजे बार्बेक्यू, बास्केटबॉल, घरात टीव्हीवर मॅच. नियमाने रशमध्ये दारू नसते. दिसली तर त्या चॅप्टरबद्दल हवी ती माहिती फुकटात मिळाली असं समजा. मग सभासद मत देतात आणि बिड हातात येते. इथे संगणक नाही, करार नाही. म्हणून चुलतभावाला सांगा, बिड मिळाली की त्याच खोलीत ‘हो’ म्हणायचं नाही, दोन दिवस मागायचे. जो चॅप्टर दोन दिवस द्यायला तयार नाही तो पुढे झोपायलाही वेळ देणार नाही.

खर्चाला एक आकडा नाही, पण त्याची पोटकलमं सगळीकडे सारखीच. नव्या सभासदाची एकरकमी फी, दीक्षाविधी आणि बॅजचे पैसे, राष्ट्रीय संस्थेचा वार्षिक वाटा, चॅप्टरची सत्राची वर्गणी. घर असेल तर तिथे न राहणाऱ्यांकडूनही घराच्या देखभालीची फी घेतात आणि आठवड्यातली काही जेवणं सक्तीची असतात. घर नसलेल्या छोट्या चॅप्टरमध्ये हे सगळं मिळून सत्राला काही शे डॉलरांत भागतं. दक्षिणेतल्या मोठ्या घरांत पहिल्याच सत्राचं बिल काही हजार डॉलरांवर जातं. या बिलात न दिसणारा खर्च वेगळा: दर कार्यक्रमाचे टी-शर्ट, फोटो, डान्सचे कपडे, आपल्या ‘लिटल’ला (जिची ‘बिग’ म्हणजे मोठी बहीण आपण होतो त्या नव्या मुलीला) द्यायच्या भेटींच्या टोपल्या, सक्तीच्या कार्यक्रमाला न आल्याचा दंड. छापील आकड्यावर चौथा हिस्सा वाढवून धरा. आणि सगळ्यात मोठं कलम अनेकांच्या नजरेतून सुटतं: दुसऱ्या वर्षी घरात राहण्याची अट. ती असेल तर घराचा वर्षाचा करार पहिल्या वर्षीच पुढे येतो, आणि तोवर बाहेरच्या फ्लॅटवर मैत्रिणींबरोबर सही झाली असेल तर दोन भाडी भरायची वेळ येते. म्हणून चॅप्टरच्या खजिनदाराकडून लेखी आर्थिक पत्रक मागा. त्यात पहिलं सत्र, दुसरं सत्र आणि घरात राहण्याचं वर्ष, असे तीन स्तंभ हवेत. मधूनच सोडलं तर त्या सत्राची थकबाकी माफ होते का, हेही विचारा. बहुतेक ठिकाणी होत नाही, आणि न भरल्यास ती वसुली कंपनीकडे जाते.

रॅगिंगबद्दल. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. आपल्याकडे रॅगिंग होतं ते हॉस्टेलवर आलेल्या प्रत्येकाचं. तिकडे रॅगिंगला हेझिंग म्हणतात, आणि त्यात मुलगा स्वतःहून सामील झालेला असतो, आणि तिथेच गफलत होते: ‘मी हो म्हणालो होतो.’ बऱ्याच राज्यांच्या कायद्यात संमती हा बचाव धरत नाहीत.

ते कधी होतं हे ओळखणं सगळ्यात उपयोगाचं. वर्षभर रोज छळ चालू आहे असं क्वचितच असतं. धोका ठरावीक रात्रींना असतो. पहिली, बिड स्वीकारल्याची रात्र. पेन स्टेटमध्ये फेब्रुवारी २०१७ मध्ये याच रात्री नव्या मुलांना भराभर दारू पाजली गेली, एक मुलगा जिन्यावरून पडला आणि जवळजवळ बारा तास कुणी मदत बोलावली नाही. दुसरी, ‘बिग’ आणि ‘लिटल’ची जोडी जाहीर होण्याची रात्र. फ्लोरिडा स्टेट २०१७, बोलिंग ग्रीन २०२१, व्हर्जिनिया कॉमनवेल्थ २०२१: तिन्ही मृत्यू याच प्रकारच्या रात्री झाले, आणि तिन्हींत नव्या मुलाच्या हाती त्याच्या ‘बिग’कडून कडक दारूची बाटली आली होती. तिसरी जागा म्हणजे गावाबाहेर भाड्याने घेतलेलं घर. न्यूयॉर्कच्या बारूक कॉलेजमधली एक आशियाई-अमेरिकी फ्रॅटर्निटी डिसेंबर २०१३ मध्ये नव्या मुलांना पेनसिल्व्हेनियाच्या पोकोनो डोंगरात घेऊन गेली. डोळ्यांवर पट्टी, पाठीवर वाळूचं ओझं, अंधारात धक्के. एक मुलगा दगावला. न्यायालयाने त्या राष्ट्रीय संस्थेलाच दोषी धरलं आणि पेनसिल्व्हेनियातून दहा वर्षांसाठी हद्दपार केलं.

ही शेवटची घटना मुद्दाम सांगतो, कारण ‘आपल्याच लोकांची संस्था, तिथे काय होणार’ असं घरचे म्हणतात. छोट्या सांस्कृतिक संस्थांत दारूच्या पार्ट्या तुलनेने कमी, खर्च कमी, आणि दिवाळीला एकटं वाटत नाही हे खरं. पण तिथे नव्यांची एक ‘लाइन’ असते, प्रत्येकाला क्रमांक असतो, काही आठवडे सगळं गुप्त ठेवायचं असतं आणि शेवटी रंगमंचावर जाहीर सादरीकरण होतं. पाच-सात जणांच्या लाइनमध्ये जागरणं आणि शारीरिक शिक्षा लपवणं ऐंशी जणींच्या गटापेक्षा सोपं. विचारायचा प्रश्न एकच: नव्यांच्या काळाचं लेखी वेळापत्रक विद्यापीठाकडे दिलंय का, आणि मला दाखवाल का? चांगला चॅप्टर पीडीएफ पाठवतो. ‘ते गुपित आहे’ असं उत्तर आलं तर तिथून निघा. विधी गुप्त असू शकतो, तारखा आणि वेळा गुप्त असायचं कारण नाही.

चॅप्टरची नोंद तपासणं आता पूर्वीपेक्षा सोपं झालंय. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्याने विद्यापीठांना हेझिंगचा अहवाल वेबसाइटवर टाकणं बंधनकारक केलं. त्यात संस्थेचं नाव, काय घडलं, दारू किंवा ड्रग होते का, आणि शिक्षा काय झाली हे असतं. विद्यापीठाच्या नावापुढे ‘हेझिंग ट्रान्स्परन्सी रिपोर्ट’ टाकून शोधा. त्याची मर्यादा लक्षात ठेवा: अहवाल मान्यताप्राप्त संस्थांचाच असतो. मान्यता गेल्यावरही काही चॅप्टर तीच मुलं, तेच घर, नवं टोपणनाव घेऊन चालू राहतात. ते ना अहवालात दिसतात, ना त्यांच्या मागे विमा असतो. म्हणून मान्यताप्राप्त संस्थांच्या चालू यादीतही नाव शोधा. यादीत नाही, तर विषय संपला. अनेक विद्यापीठं दर सत्राला चॅप्टरनिहाय सरासरी जीपीए छापतात, तोही बघा. नव्या सभासदांचा आकडा जुन्यांपेक्षा बराच खाली असेल तर पहिल्या सत्रात त्यांचा वेळ कुठे जातो ते कळतं. आठवड्याला दहा-बारा तास धरून चाला.

व्हिसाचं. सोरॉरिटीत असण्याने एफ-१ ला काही होत नाही. अडचण येते ती दोन वाटांनी. एक, दारू. २१ वर्षांखाली ती सगळ्या राज्यांत बेकायदा आहे, आणि दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, शिक्षा झाली नाही, तरी वकिलात व्हिसा रद्द करू शकते. मग भारतात आल्यावर परत जायला नवा व्हिसा आणि वैद्यकीय तपासणी. २०२५ च्या एप्रिलमध्ये तर किरकोळ पोलिस नोंदींवरून अनेक विद्यार्थ्यांच्या सेविस नोंदी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदी) बंद झाल्या, आणि कोर्टकज्जे झाल्यावर बऱ्याच पूर्ववत करण्यात आल्या. अमेरिकी मैत्रिणीला दंड भरून सुटता येतं, तुमच्या मुलीला तीच चूक महाग पडते. पण कुणी बेशुद्ध पडलं तर ९११ ला फोन करायचाच. बऱ्याच राज्यांत फोन करणाऱ्याला दारूच्या गुन्ह्यातून सूट आहे. आपल्या राज्याचा नियम आधीच वाचून ठेवा.

दुसरी वाट कुणाच्या लक्षातही येत नाही. घराच्या स्वयंपाकघरात वाढपी म्हणून काम करून फुकट जेवण, किंवा घराचा व्यवस्थापक होऊन भाड्यात सूट, हे तिकडे सर्रास चालतं. पण घर बहुधा माजी सभासदांच्या कंपनीच्या मालकीचं असतं, विद्यापीठाचं नसतं. मोबदल्यात पैसे नसून खोली मिळाली तरी ते कॅम्पसबाहेरचं विनापरवाना काम ठरू शकतं. असा प्रस्ताव आला की आधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारा.

एमएसला जाणाऱ्यांसाठी हे सगळं जवळपास गैरलागू आहे. पारंपरिक संस्थांचे कॉलेज चॅप्टर पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच असतात.

आत गेल्यावर पटलं नाही तर दीक्षाविधीच्या आधी बाहेर पडा. नव्या सभासदाच्या काळातच, म्हणजे साधारण सहा-आठ आठवड्यांत, हे ठरवायला हवं. पॅनहेलेनिक सोरॉरिटीत एकदा दीक्षा झाली की त्या २६ पैकी दुसऱ्या कुठल्याही संस्थेत पुढे कधीच जाता येत नाही, विद्यापीठ बदललं तरी. आधी सोडलं तर पुढच्या वर्षी पुन्हा रश करता येते. सोडायचं ते चॅप्टर अध्यक्षाला ईमेल करून, विद्यापीठाच्या कार्यालयाला प्रत ठेवून, आणि बॅज परत केल्याची पोच घेऊन. नुसतं तोंडी सांगितलं की पुढच्या सत्राची वर्गणी खात्यावर चढत राहते.